धुरकट आकाश आणि लहान दुर्बीण



दिल्लीत आणि नोएडा, गुडगाव, फरिदाबादकडच्या वसाहतींत कित्येक घरी माळ्यावर किंवा कपाटाच्या वर एक लांबट खोके धूळ खात पडलेले असते. त्यात सत्तर मिलिमीटर व्यासाची एक दुर्बीण असते. मुलाच्या किंवा मुलीच्या वाढदिवसाला ती मोठ्या हौसेने आणलेली असते. खोक्यावर शनीची कडी, गुलाबी-निळे तेजोमेघ आणि सर्पिल दीर्घिका छापलेल्या असतात. ‘पाचशे पट मोठे दाखवते’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. पहिल्या रात्री घरातील सगळे गच्चीवर जमतात, चंद्र दिसतो, आनंद होतो. दुसऱ्या रात्री मूल तेजोमेघ शोधू लागते आणि त्याला करड्या उजेडाखेरीज काही सापडत नाही. नेत्रिकेला, म्हणजे आयपीसला, मोबाईल टेकवून काढलेल्या फोटोत एक हललेला पांढरा ठिपका येतो. पंधरवड्यात दुर्बीण माळ्यावर जाते, आणि ‘हे आपल्याला जमण्यासारखे नाही’ असा समज मुलाच्या मनात कायमचा बसतो. दुर्बिणीचे पैसे वाया गेले याचे दुःख त्यामानाने लहान आहे.

प्रस्तुत व्याख्यान ती दुर्बीण पुन्हा खाली उतरवण्याविषयी आहे. दोष बहुतेक वेळा दुर्बिणीत नसतो आणि मुलात तर नसतोच. दिल्लीचे आकाश काय देऊ शकते आणि काय देऊ शकत नाही, हे आधी कोणी सांगितलेले नसते. त्यामुळे जे मिळणे अशक्य तेच मागितले जाते, आणि जे हाताशी असते त्याकडे लक्ष जात नाही.

ज्या माजी विद्यार्थ्यांचे बालपण करोलबाग-पहाडगंजच्या गच्च्यांवर उन्हाळ्यात खाटा टाकून झोपण्यात गेले, त्यांनी सप्तर्षी आणि ध्रुव अंथरुणावर पडल्या पडल्या ओळखले होते. त्यांच्या नातवंडांना त्याच गच्चीवरून ध्रुव शोधून दाखवावा लागतो. आकाशाचा काळोख मोजण्यासाठी जॉन बॉर्टल या अमेरिकी निरीक्षकाने २००१ मध्ये नऊ पायऱ्यांची एक श्रेणी सुचविली. पहिली पायरी अत्यंत काळोख्या आकाशाची, नववी महानगराच्या मध्यभागाची. दिल्ली शहर शेवटच्या दोन पायऱ्यांवर येते. आकाशगंगेचा पट्टा येथून दिसत नाही, आणि तो दिसावा म्हणून मोठी दुर्बीण घेणे व्यर्थ आहे. कारण मोठी दुर्बीण शहराचा उजेडही तितकाच अधिक गोळा करते.

तथापि चंद्र आणि ग्रह यांना या उजेडाचे काहीच वाटत नाही. ते स्वतःच इतके तेजस्वी आहेत की कॅनॉट प्लेसमधून काढलेला गुरूचा फोटो आणि लडाखमधील हानलेहून काढलेला गुरूचा फोटो यांत रस्त्यांवरच्या दिव्यांमुळे फरक पडत नाही. फरक पडतो तो हवेच्या स्थिरतेमुळे. हौशी छायाचित्रकाराने पारदर्शकता आणि स्थिरता हे आकाशाचे दोन गुण वेगवेगळे पारखायला शिकावे. पारदर्शक हवेत अंधुक तारे दिसतात. स्थिर हवेत ताऱ्यांचे लुकलुकणे थांबते आणि दुर्बिणीतील ग्रहाची कड पाण्याखालच्या नाण्यासारखी हलत नाही. दोन्ही गुण एकाच रात्री क्वचितच मिळतात. पावसाची सर येऊन गेल्यावर धुऊन निघालेले आकाश पाहून माणूस हुरळतो, पण वारा सुटलेला असेल तर गुरूवरचे पट्टे त्या रात्री दिसत नाहीत. उलट किंचित धुरकट, निवांत संध्याकाळी चंद्राचे फोटो अनपेक्षितपणे उत्तम येतात.

या दृष्टीने दिल्लीचे वर्ष कसे असते ते पाहावे. मे-जूनमध्ये लू आणि धूळ. रात्री अकरापर्यंत गच्चीचे काँक्रीट दिवसाची उष्णता ओकत असते आणि दुर्बिणीसमोरची हवा त्याने उकळते. साधारण २७ जूनला मान्सून पोचतो आणि २५ सप्टेंबरच्या सुमारास परततो. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून शेतातील पराली, फटाके आणि थंड हवेत अडकून राहणारा धूर; डिसेंबर-जानेवारीत दाट धुके. हिवाळ्यात आणखी एक अडचण असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. सुमारे बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडचे वेगवान जेट वारे त्या काळात उत्तर भारतावरून वाहतात. खाली पान हलत नसले तरी वर हवा घुसळत असते, आणि दुर्बिणीत गुरू थरथरत राहतो. पावसाळ्यात हे वारे हिमालयाच्या उत्तरेला सरकलेले असतात. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ढगांनी दोन-तीन रात्रींची उघडीप दिली, तर ग्रहांच्या छायाचित्रणासाठी दिल्लीत त्यापेक्षा चांगला काळ सहसा मिळत नाही. मान्सून परतल्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवसही बरे असतात. फेब्रुवारीअखेर ते मार्च हा दुसरा उपयोगी काळ. २०२५ ते २०२७ या वर्षांत शनीची प्रतियुती, म्हणजे तो सूर्याच्या बरोबर समोर येऊन रात्रभर दिसण्याची वेळ, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच येते, हा दिल्लीकरांच्या दृष्टीने चांगला योग आहे. मार्च २०२५ मध्ये शनीची कडी आपल्याला काठावरून दिसत होती, म्हणजे जवळजवळ नाहीशी झाली होती. आता ती वर्षागणिक उघडत जाणार. दरवर्षी एक याप्रमाणे तिचे फोटो काढून ठेवणे हा शाळकरी मुलासाठी उत्तम दीर्घ प्रकल्प आहे. खर्च काही नाही. तारखेची आठवण मात्र हवी.

आता साधनांकडे वळू या. दुर्बिणीची ताकद तिच्या व्यासात असते. खोक्यावरच्या ‘पाचशे पट’ला अर्थ नाही. व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याची दुप्पट करावी, तेवढेच उपयोगी वर्धन. सत्तर मिलिमीटरच्या दुर्बिणीला एकशेचाळीस पट, एकशेतीस मिलिमीटरच्या परावर्तक दुर्बिणीला दोनशेसाठ पट. आणि दिल्लीच्या हवेत बहुतेक रात्री त्याच्या निम्म्यावरच थांबावे लागते. नाभीय अंतर ९०० मिलिमीटर असेल तर २५ मिलिमीटरची नेत्रिका छत्तीस पट वर्धन देते. चंद्रासाठी ते पुरेसे आहे. नवी नेत्रिका घेण्यापूर्वी मोबाईल धरून ठेवणारी पकड घ्यावी. ती नेत्रिकेवर घट्ट बसते आणि मोबाईलचे भिंग नेत्रिकेच्या मध्यावर धरून ठेवते. हाताने मोबाईल धरून एखादा फोटो बरा येतो, पण तो नशिबाचा भाग असतो.

खरे दुखणे असते तिवईचे. स्वस्त दुर्बिणीबरोबर येणारे तिपाई स्टँड इतके हलके असते की फोकसच्या चाकाला बोट लावताच चंद्र नाचू लागतो. उपाय घरगुती आहेत. स्टँडचे पाय लांब करू नयेत, खुर्चीवर बसून काम करावे. मधल्या दांड्याला पाण्याने भरलेल्या दोन बाटल्यांची पिशवी टांगावी. फोटोचे बटण बोटाने दाबू नये. दोन किंवा पाच सेकंदांचा टायमर लावावा, किंवा तारेच्या हेडफोनच्या आवाजाच्या बटणाने फोटो घ्यावा, बहुतेक मोबाईलना ते चालते. दुर्बीण वातानुकूलित खोलीतून एकदम बाहेर आणून लगेच पाहू नये; नळीतील हवा बाहेरच्या हवेइतकी होईपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबावे. तोवर सोसायटीच्या चौकीदाराला आपण काय करीत आहोत ते सांगून यावे, हेही उपयोगी पडते. गच्चीवर एखाद्या एसीच्या बाहेरच्या यंत्रावरून किंवा नुकत्याच तापलेल्या पत्र्यावरून दुर्बीण रोखू नये. हिवाळ्यात दव हा मोठा शत्रू आहे. काळ्या कार्डपेपरची किंवा जुन्या योगाच्या चटईची नळी करून ती वस्तुभिंगापुढे वीतभर बसवली की दव तासभर तरी लांबते. भिंगावर दव धरलेच तर रुमालाने पुसू नये. लांबून हेअर ड्रायरची कोमट हवा द्यावी.

ज्यांच्याकडे विषुववृत्तीय माउंट आहे, ते त्याच्या वाकड्या रचनेला घाबरतात. त्यांनी एकदा मुलांना घेऊन जंतर मंतरला जावे. सवाई जयसिंहाने १७२४ च्या सुमारास उभारलेल्या तेथील सम्राट यंत्राची मोठी तिरकी भिंत जमिनीशी सुमारे २८ अंश ३७ कला इतका कोन करते. हेच दिल्लीचे अक्षांश. ती भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे, तिचे वरचे टोक आकाशाच्या उत्तर ध्रुवाकडे रोखलेले आहे. विषुववृत्तीय माउंटचा तिरका दांडा म्हणजे त्या भिंतीची छोटी प्रतिकृती समजावी. त्याच्या मोजपट्टीवर २८.६ अंश लावावेत आणि तो उत्तरेला करावा. धुरामुळे ध्रुव दिसत नसेल तर होकायंत्र वापरावे. दिल्लीत चुंबकीय उत्तर आणि खरे उत्तर यांतील अंतर अगदी थोडे असते. त्यानंतर एकच चाक सावकाश फिरवले की ग्रह दृष्टिक्षेत्रात टिकून राहतो. आकाश तासाला पंधरा अंश, म्हणजे सेकंदाला पंधरा विकला सरकते. सत्तर मिलिमीटरची दुर्बीण साधारण पावणेदोन विकलांचा तपशील वेगळा दाखवू शकते. म्हणून माउंट स्थिर असेल तर प्रत्येक फोटो सेकंदाच्या तिसाव्या भागापेक्षा कमी वेळात घ्यावा, नाहीतर सरकण्यानेच तो पुसट होतो. या एका आकडेमोडीने कित्येक ‘बिघडलेल्या’ दुर्बिणी दुरुस्त झाल्या आहेत.

आरंभ चंद्रापासून करावा, पण पौर्णिमेपासून करू नये. पौर्णिमेच्या चंद्रावर सूर्य समोरून पडतो, सावल्या नसतात, आणि फोटो पिठाच्या भाकरीसारखा सपाट येतो. शुद्ध पंचमीपासून दशमीपर्यंतचे दिवस उत्तम. उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर सूर्य नुकताच उगवत असतो, तेथे लहानशा टेकाडाचीही लांब सावली पडते. पंचमी-षष्ठीला थिओफिलस आणि त्याला चिकटलेली दोन विवरे पाहावीत. अष्टमीला ॲपेनाईन पर्वतरांग उजेडात येते. तिची काही शिखरे पाच किलोमीटर उंच आहेत आणि त्यांची टोके सीमारेषेपलीकडच्या अंधारात सुट्या दिव्यांसारखी चमकतात. नवमी-दशमीला टायको, प्लेटो आणि त्र्याण्णव किलोमीटर व्यासाचा कोपर्निकस. चंद्राच्या अंतरावर एक विकला म्हणजे सुमारे एक किलोमीटर नऊशे मीटर. तेव्हा सत्तर मिलिमीटरच्या दुर्बिणीतून साडेतीन किलोमीटरच्या आसपासचे तपशील फोटोत येऊ शकतात. दिल्लीतून साडेतीन किलोमीटरची खूण पावणेचार लाख किलोमीटरवर टिपणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

मोबाईल स्वयंचलित ठेवला की तो भोवतीचा काळोख उजळण्याच्या नादात चंद्र पांढराफटक करतो. ‘प्रो’ पद्धत निवडून आयएसओ शंभरच्या जवळ ठेवावा, एक्स्पोजर सेकंदाच्या पाचशेव्या भागापासून सुरू करावे, आणि चंद्राच्या सर्वांत उजळ कडेवरचा तपशील दिसेपर्यंत ते कमी-अधिक करावे. ‘प्रो’ पद्धत नसेल तर पडद्यावरील चंद्राला बोट दाबून धरावे, फोकस कुलूपबंद होते, मग उजेडाची पट्टी खाली ओढावी. एका बैठकीत पन्नास फोटो घ्यावेत, पंचेचाळीस पुसावेत.

कॅमेऱ्याचे भिंग काढून तो थेट दुर्बिणीला जोडणाऱ्यांनी एक हिशेब लक्षात ठेवावा. ९०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत चंद्राची प्रतिमा आठ मिलिमीटरची पडते आणि नेहमीच्या कॅमेऱ्याच्या संवेदकावर ती सहज मावते. गुरूची प्रतिमा मात्र पाव मिलिमीटरपेक्षाही लहान. एवढ्याशा ठिपक्यावर पट्टे कसे उमटावेत? म्हणून ग्रहांसाठी दुप्पट किंवा तिप्पट करणारे बार्लो भिंग लावतात, आणि एका फोटोऐवजी व्हिडिओ घेतात.

या व्हिडिओच्या युक्तीने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हौशी खगोलछायाचित्रणाचा चेहरा बदलला. हवा सतत हलत असते, पण मधूनच सेकंदाच्या लहानशा भागापुरती ती शांत होते. दोन मिनिटांच्या व्हिडिओत काही हजार चौकटी असतात. संगणक त्यांतील शांत क्षणांच्या चौकटी निवडतो आणि एकावर एक बरोबर बसवून त्यांची सरासरी काढतो. चौकटींच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात फोटोतील खरखर कमी होते. नऊशे चौकटी जमवल्या तर ती तिसाव्या हिश्शावर येते. यासाठी ऑटोस्टॅकर्ट आणि रेजिस्टॅक्स या प्रणाली फुकट मिळतात. गुरू स्वतःभोवती दहा तासांहून कमी वेळात फिरतो. म्हणून व्हिडिओ दोन-तीन मिनिटांपेक्षा लांबवू नये, नाहीतर त्याच्यावरचे डाग सरकून तपशील पुसट होतो. माउंटला मोटर नसेल तरी हरकत नाही. ग्रह चौकटीच्या एका कडेने आत येऊ द्यावा, दुसऱ्या कडेने जाऊ द्यावा, असे दहा-बारा तुकडे घ्यावेत; पिप नावाची प्रणाली प्रत्येक चौकटीत ग्रह मध्यभागी आणून देते.

२१ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी गुरू आणि शनी यांच्यातील अंतर अवघ्या सहा कलांवर आले होते, चंद्राच्या व्यासाच्या पाचव्या भागाइतके. इतके जवळ ते १६२३ नंतर आले नव्हते. दिल्लीची थंडी, नैर्ऋत्येला क्षितिजावरचा धूर आणि सूर्यास्तानंतर जेमतेम तास-दीड तासाचा अवधी, अशा स्थितीत साध्या दुर्बिणींतून दोन्ही ग्रह एकाच दृष्टिक्षेत्रात मावत होते. त्या संध्याकाळी एक गोष्ट ध्यानात येत होती: गुरूसाठी योग्य एक्स्पोजर ठेवले की शनी काळवंडे, आणि शनी नीट यावा म्हणून ते वाढवले की गुरूचे पट्टे नाहीसे होत. दोन निरनिराळे एक्स्पोजर घेऊन ते जोडणे हाच मार्ग होता. तो शास्त्रसंमत आहे. मात्र जोडले आहे हे फोटोखाली लिहिले पाहिजे.

ताऱ्यांच्या बाबतीत दिल्लीने अपेक्षा आवराव्यात. कृत्तिका, मृगातील तेजोमेघ, काही तारकागुच्छ आणि जोडतारे इतके शहरातून साधते. मृगातील तेजोमेघ सुमारे तेराशे प्रकाशवर्षे दूर असूनही इतका तेजस्वी आहे की मोटर लावलेल्या लहान दुर्बिणीतून दहा-दहा सेकंदांचे दोनशे फोटो घेऊन ते सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर या फुकट प्रणालींत एकत्र केले, तर त्याचे पंख उलगडतात. हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा तांबडा आणि ऑक्सिजनचा ५०१ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवट प्रकाश तेवढाच आत सोडणारी गाळणी मिळते. ती शहराचा बराच उजेड अडवते, पण तिची किंमत दुर्बिणीइतकी असू शकते. पहिल्या वर्षी ती घेऊ नये. त्याऐवजी प्रत्येक बैठकीच्या शेवटी दुर्बिणीला झाकण लावून त्याच एक्स्पोजरचे वीस काळे फोटो घ्यावेत, आणि संधिप्रकाशात नळीच्या तोंडाला जुन्या धोतराचे शुभ्र कापड ताणून वीस सपाट फोटो घ्यावेत. काळे फोटो वजा केल्याने कॅमेऱ्याचे दोष जातात, आणि सपाट फोटोंनी भागल्यावर भिंगावरच्या धुळीच्या सावल्या नाहीशा होतात. फोकससाठी बाख्तिनोव्ह जाळी पुठ्ठ्यातून घरी कापता येते. पावेल बाख्तिनोव्ह या रशियन हौशी छायाचित्रकाराने ती शोधली. ताऱ्याभोवती तीन किरण उमटतात, मधला बरोबर मध्यावर आला की फोकस साधले.

आकाशगंगेचा हट्ट असेल त्यांनी अमावास्येच्या आसपासचा शनिवार-रविवार पाहून अलवरकडच्या अरवलीत किंवा कुमाऊँ-गढवालच्या डोंगरांत जावे. तेथे दुर्बीण नेण्याचीही गरज नाही. साधा कॅमेरा, तिवई, आणि पाचशेला भिंगाच्या नाभीय अंतराने भागून येतील तेवढे सेकंद. पन्नास मिलिमीटरच्या भिंगाला दहा सेकंद, लहान संवेदकाच्या कॅमेऱ्याला त्याहून कमी. महाराष्ट्रात सुटीला जाणाऱ्या कुटुंबांनी पेंचचे नाव लक्षात ठेवावे; २०२४ मध्ये त्या व्याघ्रप्रकल्पाला काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, आणि असे उद्यान भारतात पहिलेच. एक सूचना सर्वत्र लागू: तारे दाखवण्यासाठी हिरवा लेसर वापरण्याचा मोह दिल्लीत तरी टाळावा. विमानांचा मार्ग डोक्यावरूनच जातो, आणि वैमानिकाचे डोळे क्षणभर दिपणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

सूर्याविषयी मात्र कडक शब्दांत बोलणे भाग आहे. चंद्राच्या फोटोत चूक झाली तर फोटो बिघडतो. सूर्याच्या बाबतीत चूक झाली तर मुलाचा डोळा जातो, आणि तो वेदनेशिवाय जातो, कारण दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. जुन्या स्वस्त दुर्बिणींबरोबर नेत्रिकेला लावायची एक काळी काच येत असे. ती सापडल्यास फोडून फेकून द्यावी. केंद्रित उष्णतेने ती पाहता पाहता तडकते. सूर्यासाठी बनवलेली प्रमाणित फिल्म दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, वाऱ्याने उडणार नाही अशी बसवावी, दर वेळी उजेडासमोर धरून तिला भोक पडले नाही ना ते पाहावे, आणि शोधक दुर्बिणीचे झाकण चिकटपट्टीने बंद करावे. एक्स-रेची फिल्म, सीडी, काजळी धरलेली काच यांतील काहीही चालत नाही. मोबाईललाही हाच नियम. याहून स्वस्त आणि समूहाला दाखवण्याजोगा मार्ग म्हणजे नेत्रिकेमागे पांढरा कागद धरून त्यावर प्रतिमा पाडणे आणि कागदाचा फोटो काढणे; प्लॅस्टिकची नेत्रिका त्यासाठी वापरू नये, वितळते, आणि दुर्बिणीजवळ एक मोठे माणूस सतत उभे असावे. ८ जून २००४ रोजी शुक्र सूर्यबिंबावरून जाताना अशा कागदावर तो काळा टिकलीएवढा ठिपका पुष्कळांनी पाहिला. २४ ऑक्टोबर १९९५ ला, दिवाळीच्या ऐन दिवसांत, खग्रास ग्रहणाचा पट्टा राजस्थानातील नीम का थान्यावरून गेला. दिल्लीपासून काही तासांच्या अंतरावर. दिल्लीत ग्रहण खंडग्रास होते आणि भर सकाळी रस्ते ओस पडले होते. दारे-खिडक्या लावून घरात बसलेल्यांपैकी काहींना नंतर चुटपुट लागली असेल. त्या पिढीकडे मोबाईल नव्हता, पण पांढरा कागद होता.

प्रामाणिकपणाचा मुद्दा वर ओझरता आला. तो अधिक स्पष्ट करणे जरूर आहे. आजचे काही मोबाईल चंद्र ओळखतात आणि स्वतःच्या स्मृतीतून त्यावर विवरे चढवतात. २०२३ मध्ये एका हौशी प्रयोगकर्त्याने चंद्राचे मुद्दाम अस्पष्ट केलेले चित्र संगणकाच्या पडद्यावर ठेवले आणि अंधाऱ्या खोलीत दूर उभे राहून मोबाईलने त्याचा फोटो काढला. मूळ चित्रात नसलेला तपशील फोटोत उमटला. हा प्रयोग कोणत्याही घरात एका संध्याकाळी करता येतो, आणि पालकांनी तो मुलांबरोबर जरूर करावा. ज्या मुलाने सत्तर मिलिमीटरच्या दुर्बिणीतून स्वतः अष्टमीचा थोडासा पुसट फोटो काढला, त्याच्या शेजारी दुसऱ्याच्या मोबाईलमधला हा रेखीव, बनावट चंद्र ठेवला गेला तर त्याने काय समजावे? त्याला हे सांगणारे कोणी घरात असले पाहिजे की त्याच्या फोटोतील प्रत्येक सावली त्या रात्री खरोखर तेथे होती. फोटोतील खरखर काढणे, उजेड-काळोखाचे प्रमाण सुधारणे, धार देणे हे चालते. नसलेले आणणे चालत नाही. स्पर्धांतून दिसणारे इमारतीच्या घुमटाएवढे चंद्र पुष्कळदा दोन फोटो चिकटवून केलेले असतात. ते सजावट म्हणून सुंदर असतील.

कारण असा फोटो ही नोंद असते. २०१९-२० च्या हिवाळ्यात मृगाच्या चार पायांपैकी काक्षी हा तांबूस तारा विलक्षण मंदावला. एरवी त्याची प्रत अर्ध्याच्या आसपास असते, ती फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ पर्यंत उतरली, म्हणजे शेजारच्या पायाच्या ताऱ्याइतका तो फिका झाला. हे दिल्लीच्या आकाशातूनही नुसत्या डोळ्यांनी कळत होते. ज्यांच्याकडे आधीच्या हिवाळ्यातील मृगाचा साधा मोबाईलवरचा फोटो होता, त्यांना दोन्ही शेजारी ठेवून फरक दाखवता आला. १९ जुलै २००९ ला अँथनी वेस्ली या ऑस्ट्रेलियातील हौशी निरीक्षकाला गुरूवर एक नवा काळा डाग दिसला. काही तरी गुरूवर आदळले होते, आणि जगातील मोठ्या वेधशाळा त्याच्या सांगण्यावरून तिकडे वळल्या. त्याची दुर्बीण साडेचौदा इंची होती, लहान म्हणता येणार नाही. पण तो रात्रीमागून रात्री तेच काम नोंदी ठेवून करीत होता, म्हणून नवे काय ते त्याला ओळखता आले.

महाराष्ट्रालाही या शिस्तीची जुनी ओळख आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकून होते. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांचाही तळ तेथेच होता. दोन मिनिटांच्या आसपासच्या खग्रासासाठी दुर्बिणी, वर्णपटदर्शक आणि काचेच्या पट्ट्या आगगाडीने आणून महिनाभर आधी मांडामांड चालली होती. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि मुंबईत हॅलेच्या धूमकेतूच्या वेळी, १९८५ मध्ये, सुरू झालेले खगोल मंडळ यांनी हौशी निरीक्षणाची परंपरा टिकवली. दिल्लीत तीन मूर्तीजवळच्या नेहरू तारांगणाच्या आधाराने हौशी निरीक्षकांचा संघ काम करीत आला आहे. नवशिक्याने दुर्बीण विकत घेण्यापूर्वी तेथील एखाद्या कार्यक्रमाला जाऊन दुसऱ्यांच्या दुर्बिणींतून पाहावे, आणि माळ्यावरची दुर्बीण असेल तर तीच घेऊन जावे. परावर्तक दुर्बिणीचे आरसे एका रेषेत आणणे पुस्तकापेक्षा अनुभवी हाताखाली अर्ध्या तासात समजते.

नोंदवहीसाठी साधी दोनशेपानी वही पुरते. प्रत्येक फोटोला एक ओळ: दिनांक आणि तिथी, भारतीय प्रमाणवेळ, ठिकाण, दुर्बीण व नेत्रिका, एक्स्पोजर आणि आयएसओ, किती चौकटी घेतल्या व किती वापरल्या, हवा कशी होती, आणि फोटोवर नंतर काय केले. शेवटच्या रकान्यात सोबत कोण होते तेही लिहावे. पहिली नोंद येत्या शुद्ध अष्टमीची करता येईल. सूर्य मावळताना चंद्र दक्षिणेला उंच असेल, ॲपेनाईनवर ऊन पडत असेल. दुर्बीण त्याच्या पाऊण तास आधी गच्चीत काढून ठेवावी.